सोड्यांच्या डब्यातलं वायफाय

वायफायचा नवाकोरा अडॅप्टर मी आईच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात घातला, झाकण घट्ट लावलं आणि पुढे दोन दिवस लिनक्सला शिव्या घातल्या.

यातली चूक ज्यांना लगेच कळली त्यांनी हसून घ्यावं. ज्यांना कळली नाही ते माझे सख्खे. आणि मुळात डब्यात घातलाच कशाला, असं जे विचारतील ते समुद्रापासून लांब राहणारे लोक, त्यांना आमचं दुःख ठाऊक नाही. आमच्या सातपाटीत हवा खाते. दाराच्या बिजागऱ्या खाते, सायकलची चेन खाते, पंख्याची पाती खाते. टीव्हीचा रिमोट आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून असतो, बटणं पिशवीवरूनच दाबायची. फोनचा चार्जर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. टॉर्च एका डब्यात आणि तिचे सेल दुसऱ्या डब्यात, त्यामुळे वीज गेली की आम्ही दोन्ही डबे अंधारात चाचपडतो. बाबा होते तेव्हा पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत बोटीवरचा वायरलेस सेट घरी आणायचे आणि गोधडीत गुंडाळून पिंपात ठेवायचे. घरात नवी वस्तू आली की आई आधी तिच्यासाठी डबा शोधते, ती वस्तू कशाची आहे हे मग विचारते. तेव्हा मी जे केलं ते मूर्खपणानं केलं हे खरं, पण घरच्या वळणाला धरून केलं.

माझ्याबद्दल एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कोळ्याच्या घरात जन्मून मला बोट लागते. बाबांनी मला चारदा नेऊन पाहिलं. खाडीचं तोंड ओलांडायच्या आत मी सकाळचा नाश्ता दर्याला परत करायचो. शेवटी त्यांनीच सांगितलं की याला जमिनीवरचं काहीतरी बघा. म्हणून मी बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. तिथे खोक्यांवरची लेबलं कॉम्प्युटरवरून छापायची असतात. तेवढ्या भांडवलावर आमच्या गल्लीत मी ‘कॉम्प्युटरवाला’ झालो, आणि मीही तो मान कधी नाकारला नाही.

माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. त्याला मुलगी झाली. ही बातमी आली त्या क्षणापासून आमच्या घरात एकाच माणसाचं राज्य सुरू झालं, ते म्हणजे ताईचं.

ताई आम्हा दोघांहून मोठी. लग्न होऊन ती त्याच गल्लीत चार घरं पुढे गेली. रोज पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसते. तिच्या दोघा दिरांना मुली झाल्या, त्यांची ती काकी. मैत्रिणींच्या पोरांना मावशी. पण आत्या ती कुणाचीच नव्हती, कारण आत्या व्हायला भावाला मूल व्हावं लागतं, आणि त्या कामी थोरला भाऊ म्हणजे मी, अजून बिनलग्नाचा. बाजारात पापलेट कापता कापता ती गिऱ्हाइकांना सांगायची की भावानं मला आत्या होण्यापासून अडवून धरलंय, आणि गिऱ्हाइकं मान हलवायची. पालघरमध्ये मला न ओळखणारी माणसंही माझ्याकडे त्याच नजरेनं बघतात असा मला संशय आहे.

आता आत्याचं महत्त्व काय ते बारशाला कळतं. पाळण्यात घातलेल्या बाळाच्या कानाशी आत्या वाकते आणि नाव सांगते. ती वाकली की मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हा मान असतो. ताईनं आजवर गल्लीतल्या एकूणएक आत्यांच्या पाठीत धपाटे घातले होते, आणि सुरमईचं डोकं एका घावात उडवणारा हात तो, लाजत घातलेले धपाटे ते नव्हेत. आता तिची पाठ पुढे येणार होती. गल्लीतल्या बायका दिवस मोजत होत्या.

बाळ कॅनडात आणि पाठ सातपाटीत, हा प्रश्न होता. भावानं सांगितलं की रविवारी त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, बारसं व्हिडिओवर करू. त्याची बायको बाळाच्या कानाशी फोन धरेल, ताईनं इथून नाव सांगायचं. ताईच्या घरी फायबरचं वायफाय आहे, पण तिच्या सासूबाई आजारी, खाटेवर, तिथे चाळीस बायका जमवणं शक्यच नव्हतं. आमच्या घराची पुढची ओटी मोठी, टीव्ही मोठा. पण ताईचं वायफाय आमच्या ओटीपर्यंत येईस्तोवर दमून जायचं. फोनवर एखादी काडी दिसायची आणि चित्र थिजायचं. बाळ जन्मलं त्या दिवशी आम्ही ओटीवर फोन लावला होता तर भावाचं तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं आणि आई घाबरली.

तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की सोडा माझ्यावर. असं बोलताना माझा आवाज जरा जाड होतो, हे मला माहीत आहे.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यातलं वायफायचं कार्ड हवेनं खाल्लं होतं. बोईसरच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं तर आत तळ्याच्या पायऱ्यांवर असतं तसं हिरवं शेवाळ. केबल लावायचं भोकही तसंच. शिवाय विंडोज उघडायला इतका वेळ लागे की मी बटण दाबून आंघोळीला जायचो. कारखान्यातल्या एका सोबत्यानं सांगितलं की विंडोज काढून यावर लिनक्स टाक. मी पेन ड्राइव्हवरून टाकलं. सुरू होताच ते असं झटक्यात उघडलं की मला वाटलं काहीतरी बसवायचं राहिलं. तोच लॅपटॉप, तीच मोडकी बिजागरी, आणि आत कुणीतरी दुसराच जीव. मी बराच वेळ नुसता खिडक्या उघडत आणि मिटत बसलो होतो.

मग स्टेशनजवळच्या दुकानातून दोन शिंगांचा यूएसबी अडॅप्टर आणला. लांबचं वायफाय ओढून आणतो असं दुकानदार म्हणाला. खोक्यावर लिनक्सचा पेंग्विनही होता. आत एक पिटुकली सीडी होती आणि माझ्या लॅपटॉपला सीडीची फटच नाही. अडॅप्टर लावला. काही झालं नाही. दिवा नाही, नाव नाही. मला वाटलं, असेल बाबा, पाव्हणा नवीन आहे, रुळेल. तोवर त्याला हवा लागायला नको म्हणून आईचा डबा घेतला, खिळ्यानं भोक पाडलं, त्यातून अडॅप्टरची तार ओवली, बुटांच्या खोक्यातली ती दमट होऊ न देणारी पुडी आत टाकली, शिंगं आडवी केली, झाकण लावलं आणि भोक एमसीलनं लिंपलं. काम इतकं सुबक झालं होतं की मी त्याचा फोटो काढला. तो फोटो अजून आहे. ताईच्या फोनमध्येही आहे, हे दुर्दैव.

शनिवारी रजा टाकली आणि गच्चीवर जाऊन बसलो. फोनची रेंज आमच्याकडे फक्त गच्चीवर येते. आईनं तिथे सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी, वाळत घातले होते. ती म्हणाली, बसतोच आहेस तर कावळे हाकल. म्हणजे लिनक्सच्या जगातलं माझं पहिलं पाऊल एका हातात काठी घेऊन पडलं.

फोनवर वाचत गेलो तसं कळलं की अडॅप्टर चालायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठी तर मी अडॅप्टर आणला होता. या वर्तुळात मी दोन फेऱ्या मारल्या. मग फोनची बॅटरी उतरली म्हणून तो चार्जिंगला लॅपटॉपलाच लावला. फोननं काहीतरी विचारलं, मी न वाचता हो म्हटलं, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात इंटरनेटची खूण उगवली. तारेतून. फोनमधलं इंटरनेट तारेतून लॅपटॉपमध्ये उतरलं होतं. अगदी मुंगीच्या पावलानं, पण आलं होतं. मी ती तार हातात घेऊन पाहिली. तीच तार. वर्षभर मी तिच्यातून नुसती वीज नेत होतो.

टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहायची होती. तिनं पासवर्ड मागितला. मी टाइप करतो तर पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना टिंब. आता माझी जी समजूत झाली ती समुद्रकाठच्या माणसाचीच होऊ शकते. मला वाटलं, कीबोर्ड गंजला. मी खाली गेलो, जुना टूथब्रश आणला आणि बटणं एकेक उचकटून खालची खारट धूळ झाडली. परत बसवताना एम आणि एन यांची अदलाबदल झाली. पासवर्ड दिसत नाही ते लिनक्सची पद्धतच आहे, बघणाऱ्याला लांबीसुद्धा कळू नये म्हणून, हे मला नंतर कळलं. पण आता पासवर्ड खरोखरच चुकत होता, कारण माझ्या पासवर्डात एम होता.

तो तिढा सुटल्यावर पुढची पायरी. एकानं इंटरनेटवर लिहिलं होतं की खोक्यावरचं नाव विसरा, आतली चिप कुठली ते आधी बघा. एक छोटी आज्ञा दिली तर लॅपटॉपला लावलेल्या सगळ्या वस्तूंची यादी आली, आणि माझ्या अडॅप्टरच्या जागी भलतंच नाव. बाहेर एक कंपनी, आत दुसरीच. ताई असती तर तिनं माशासारखा त्याचा कल्ला उचलून बघितला असता आणि दुकानातच फेकून मारला असता. मला कौतुक वाटलं ते लिनक्सचं. ज्याला चालवायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याचं खरं नाव मात्र त्यानं ओळखून ठेवलं होतं.

त्या चिपचा ड्रायव्हर सापडला, पण तयार नव्हे. कच्चा. तो आपल्याच मशीनवर घडवून घ्यायचा. त्यासाठी हत्यारं हवीत, ती उतरवा. हत्यारांना या लिनक्सच्या गाभ्याचं माप हवं, तेही उतरवा, आणि ते अगदी याच गाभ्याचं हवं, शेजाऱ्याचं चालणार नाही. मला वाटलं, मी होडी मागायला गेलो आणि या लोकांनी माझ्या हातात कुऱ्हाड देऊन रानात पाठवलं. मुंगीच्या पावलानं एकेक वस्तू येत होती आणि मी कावळ्यांवर राग काढत होतो.

वेळ होता म्हणून त्या कच्च्या मालाच्या फायली उघडल्या. माझं इंग्रजी लेबलांपुरतं. तरी मधेमधे माणसासारखं बोलणं दिसत होतं. लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी आणि पुढच्यासाठी टिपणं ठेवली होती. एका ठिकाणी त्यानं कबूल केलं होतं की इथे क्षणभर थांबावं का लागतं ते मला कळलेलं नाही, पण थांबलं नाही तर चिप जागी होत नाही, तेव्हा कृपा करून हे काढू नका.

मी तिथे थबकलो. शब्द लावत लावत पुन्हा वाचलं. चिप बनवणाऱ्यांनी त्याला फारसं काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यानं आणखी कुठे लिहिलं होतं. म्हणजे या माणसानं ती चिप समोर ठेवली असणार, तिच्याकडे एकेक हाक पाठवली असणार आणि ती काय उत्तर देते ते ऐकत बसला असणार. आमचे आजोबा घोळ माशाचा थवा शोधायला वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि त्याच्या दांड्याला कान लावायचे. खाली घोळ असली की घुमल्यासारखा आवाज वर येतो. बाबा सांगायचे, त्या वेळी बोटीवर कुणी खोकतसुद्धा नसे. काहीच दिसत नाही असं पाणी, आणि त्याला कान लावून बसलेला म्हातारा. हा कुणीतरी परका माणूस मला अगदी तसा दिसला. आणि त्यानं जे ऐकलं ते लपवलं नाही. उघड्यावर ठेवून दिलं, कुणीही घ्या. गाभा बदलला की पुन्हा येऊन दुरुस्त करून गेला होता, कित्येकदा. कुणासाठी? सातपाटीच्या गच्चीवर काठी घेऊन बसलेल्या कुणासाठी तर नक्कीच नव्हे. आणि तरी माझ्यासाठीच.

कावळ्यानं तेवढ्यात बरेच सोडे नेले.

सगळी सामग्री जमल्यावर घडवायची आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. वर वर वर, वाचू म्हटलं तर डोळा ठरेना. पंखा घुमायला लागला. मधेच इंग्रजीत ‘सावधान’ अशा अर्थाचं काही आलं, मी घाबरून बंद केलं. परत सुरू केलं, परत आलं, परत बंद केलं. कारखान्यात सावधान म्हटलं की आम्ही पळतो, तीच सवय. तिसऱ्यांदा मी पडद्याकडे पाठ करून बसलो आणि कावळे बघत राहिलो. वळलो तेव्हा ओळी थांबल्या होत्या. कुठलीही तक्रार नव्हती. माझ्या मांडीवर, माझ्या त्या मोडक्या लॅपटॉपनं, त्या परक्या माणसाच्या शब्दांतून एक चालणारी वस्तू घडवली होती. मी कधी साधं स्टूलही बनवलेलं नाही. मी उठून आईला सांगायला खाली गेलो आणि काय सांगायचं ते मला जिन्यातच कळेना, म्हणून पाणी पिऊन परत आलो.

ड्रायव्हर बसवला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. आज्ञा दिली तर अडॅप्टर हजर. ड्रायव्हर त्याच्यावर स्वार. सगळं जसं लिहिलं होतं तसं. आता वायफायची यादी उघडली की झालं.

यादी रिकामी होती.

ओटीवर आलो. रिकामी. डब्यासकट लॅपटॉप घेऊन अंगणात गेलो, ताईच्या घराच्या दिशेनं उभा राहिलो, डबा डोक्यावर धरला. रिकामी. समोरून जाणाऱ्या म्हातारबानं विचारलं की प्रसाद आहे का.

त्यानंतर जे मी केलं त्याचा मला अभिमान नाही. ड्रायव्हर काढला, पुन्हा घडवला. दुसऱ्या कुणाचा आणला, तो बसेना. पुन्हा पहिला. रविवारची सकाळ त्यात गेली. आणि ज्या माणसासमोर मी आदल्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले होते, त्यालाच आता मी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं चूक केली असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. डबा शेजारी चकाकत होता.

दुपारी ताई बाजारातून आली. टोपली अंगणात पालथी घातली, हात धुतले आणि ओटीच्या पायरीवर बसली. बायकांचं सगळं ठरलं होतं. कुणी पाळणा म्हणायचा, कुणी आधी सूर उचलायचा, सगळं. आईनं घुगऱ्या भिजवल्या होत्या. ताईनं लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांच्या तयारीत होतो. शिव्यांची मला सवय आहे, त्या अंगाला लागत नाहीत.

ती हळूच म्हणाली, “राहूंदे रे. मी माझ्या घरातच फोनवर नाव ठेवीन, एकटी. धपाटे नाय पडले तरी चालतंय. मी बायकांना नको सांगून येते.”

ते ऐकून मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. ताई आणि हळू आवाज या दोन गोष्टी मी एकत्र कधी ऐकल्या नव्हत्या. बाबा गेले तेव्हाही ती मोठ्यानं रडली होती. मी म्हणालो थोडं थांब. कशासाठी थांब, हे मलाही ठाऊक नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि चपला शोधायला लागली.

त्याच वेळी आई गच्चीवरून उरलेले सोडे सुपात घेऊन उतरली. उन्हं कलायच्या आत सोडे डब्यात गेले नाहीत तर ते दमट होतात, आणि मग सगळी मेहनत फुकट.

“माझा डबा कुठं हाय?” ती म्हणाली.

आणि तिला तो दिसला. त्यातून निघालेली तार तिला दिसली असेल नसेल, पण आपला डबा दुसऱ्याच्या कामाला लागलेला तिला खपत नाही. तिनं तो बगलेत धरला, झाकण उपटलं आणि आतला दोन शिंगांचा प्राणी बघून मागे सरकली. चिमटीत धरून तिनं तो बाहेर काढला, मेलेल्या उंदरासारखा, आणि त्याची शिंगं उभी झाली. त्याचा निळा दिवा लुकलुकत होता. कालपासून लुकलुकत असणार, अंधारात, पुडीच्या शेजारी.

माझी नजर पडद्यावर होती. रिकाम्या यादीत एक नाव आलं. मग दुसरं. मग एकदम चार.

फोनवर मला आजवर आसपासची दोन-तीन नावं दिसायची. ही यादी थांबेचना. आणि नावं कसली, तर बोटींची. आमच्याकडे घरं बोटींच्या नावानं ओळखतात, पत्ता सांगायचा तरी अमक्या बोटीवाल्यांच्या मागे असाच सांगतात. वायफाय आलं तेव्हा प्रत्येकानं तेच नाव दिलं असणार, इंग्रजी अक्षरांत. जलदेवी. दर्यादौलत. समुद्रकन्या. मत्स्यलक्ष्मी. जलदेवी दोन. भरतीचं पाणी चढलं की खाडीत एकामागून एक बोटी शिरतात तशी ती नावं पडद्यावर येऊन लागत होती, जवळची ठळक, लांबची पुसट. बंदराच्या टोकाकडच्या एका बोटीचंही नाव आलं, एका काडीवर डुलत. हे सगळं आमच्या ओटीवरून, आमच्या अंगावरून, भिंतींतून, आईच्या सुपावरून सदासर्वकाळ वाहत होतं. आम्ही त्यातच जेवत होतो, झोपत होतो. पत्र्यातून ते शिरत नाही, आणि मी तर त्याला डब्याबाहेर ठेवून आत शोधत होतो.

“काय झालं रे?” ताईनं विचारलं. तिची एक चप्पल पायात होती.

मी नुसतं बोट दाखवलं. ती वाकली. नावं वाचत गेली, ओठ हलवत, आणि मग आपल्या नवऱ्याच्या बोटीचं नाव तिला दिसलं. तिनं मला पासवर्ड सांगितला नाही. लॅपटॉप आपल्याकडे वळवला, मला तोंड फिरवायला लावलं आणि एका बोटानं टकटक करत स्वतः घातला. एम आणि एनची अदलाबदल मी सांगायच्या आत पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा जोडलं गेलं.

संध्याकाळी ओटीवर उभं राहायला जागा नव्हती. लॅपटॉप टीव्हीला जोडला होता आणि अडॅप्टर मी दाराच्या चौकटीला दोऱ्यानं बांधला होता, उघडा, शिंगं ताईच्या घराकडे. टीव्हीवर भाऊ आला आणि हलला. त्याचं तोंड मिटतंय, उघडतंय, हे बघूनच अर्ध्या बायका खूश झाल्या. मग त्याच्या बायकोनं बाळ समोर धरलं. खिडकीमागे त्यांची सकाळ, पांढरा बर्फ. इकडे आमच्या दारात उन्हाचा तांबूस तुकडा. गडबड एकदम थांबली. एवढ्या कोळणी एका जागी आणि गप्प, हे मी पुन्हा कधी बघेन असं वाटत नाही.

तिकडे पाळणा नव्हता, टोपलीसारखं काहीतरी होतं. इकडे आईनं रिकामा पाळणा बांधला होता, त्यात नारळ ठेवला होता. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. आवाज तिकडे पोचायला क्षणभर लागत होता, त्यामुळे भाऊ प्रत्येक ओळीला जरा उशिरानं हसत होता. मग त्याच्या बायकोनं फोन बाळाच्या कानाशी नेला. टीव्हीवर आता फक्त एक कान दिसत होता, ताटाएवढा, गुलाबी, त्यावरची लव दिसत होती.

ताई लॅपटॉपसमोर गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि वाकली. मी तिच्या अगदी शेजारी असून मला काही ऐकू आलं नाही. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारणारी बाई ती. तो तिचा श्वास होता, त्याला जेमतेम आवाज म्हणायचं. तो दोन शिंगांतून निघाला, चार घरं ओलांडून गेला, गल्लीखालून, मग आमच्या आजोबांनी वल्ह्याला कान लावला त्याच समुद्राच्या तळाशी टाकलेल्या कुठल्या तारांतून, आणि त्या एका कानात शिरला. वाटेत कुठे सांडला नाही. मधे एका परक्यानं लिहिलेला तो क्षणभराचा थांबाही असणार, ज्याचं कारण त्यालाही कळलं नव्हतं. टीव्हीवरचा कान हलला. बाळानं मान वळवली, आवाजाच्या दिशेनं.

नाव इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

मग धपाटे पडले. असे पडले की लॅपटॉप हलला आणि भावाला वाटलं इकडे भूकंप झाला. वर्षानुवर्षांचं सगळं बायकांनी एका दमात परत केलं. ताई वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली, पाठ पुढे करून, आणखी मागत असल्यासारखी. वर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, आणि पाठ चोळायला तिचा हात पुरत नव्हता.

मी कोपऱ्यात दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. माझ्या डोळ्यांचं जे चाललं होतं ते कुणी बघू नये म्हणून अडॅप्टरचा दोरा घट्ट करत होतो. घुगऱ्या वाटल्या गेल्या. भावानं बाळाला परत समोर धरलं आणि बायका तोंडाची तपासणी करायला लागल्या. रंग आईचा. हनुवटी आजीची. एक म्हातारी टीव्हीच्या अगदी जवळ गेली, माझ्याकडे वळून बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं आणि जाहीर केलं की पोरगी सगळी थोरल्या काकावर गेली आहे.

मी जरा ताठ झालो. कशानं कोण जाणे, पण त्या दिवशी मला ते कमावल्यासारखं वाटलं.

ताई घुगऱ्या चावत होती. तिनं टीव्हीकडे नीट बघितलं, माझ्याकडे तर बघितलंही नाही.

“तोंड गेलंय ते जाऊंदे,” ती म्हणाली. “डोकं त्याच्यावर जाऊ नये म्हणून मगाशी नावाच्या मागोमाग कानात सांगून ठेवलंय मी तिला.”